कीटणाची कुळकथा

रोगजंतू औषधाला दाद देत नाही म्हटले की त्याच्या अंगी काही नवी ताकद आली, असे आपण धरून चालतो. कॅन्डिडा या यीस्टच्या बाबतीत ते निम्मेच खरे आहे. तिचा चिवटपणा पुष्कळदा एकट्या पेशीचा नसतो, वस्तीचा असतो. हे उशिरा उमगले, पण पुरावा नव्हता म्हणून नव्हे. डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये दातांवरचे कीटण खरवडून भिंगाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. व्हिनेगरने दात धुऊनही पाहिले. बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मेले. व्हिनेगर कीटणाच्या आतवर शिरलेच नाही, अशी नोंद त्याने केली. ते जीव जीवाणू होते, यीस्ट नव्हे. पण थराच्या आश्रयाने औषध चुकवण्याची गोष्ट इथूनच सुरू होते. पुढे प्रयोगशाळेत जंतू निवळ द्रवात मोकळे वाढवण्याची रीत पडली, औषधाचा कसही त्या मोकळ्या पेशींवरच लागू लागला, आणि कीटण दंतवैद्याकडे राहिले.

अशा थरासाठीचा ‘बायोफिल्म’ हा शब्द आधी सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांच्या वापरातला. १९७८ मध्ये बिल कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी जीवाणू पृष्ठभागाला कसे चिकटतात यावर ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला, आणि त्यानंतर हा विचार वैद्यकात रुजला. यीस्टची पाळी आणखी उशिरा आली. कॅन्डिडा हे नाव १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट यांनी दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शुभ्र, आणि तिच्या एका जातीचे नाव ‘अल्बिकन्स’, म्हणजे पांढरी होत जाणारी. (पांढऱ्यावर पुन्हा पांढरे, नामकरणात काटकसर नव्हती.) ग्लासगोत हॉसर आणि डग्लस यांनी १९९४ मध्ये कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीच्या, तुकड्यांवर तिचा थर वाढवला आणि पुढच्या वर्षी त्यावर पाच बुरशीनाशके वापरून पाहिली. मोकळ्या पेशींना मारणारी मात्रा थराला पुरेना. २००१ मध्ये हाच प्रयोग कवळीच्या ॲक्रिलिकवर झाला. पहिल्या अकरा तासांत पेशी चिकटून लहान लहान पुंजके करतात, मग त्यांच्याभोवती चिकट द्रव्य साचू लागते, आणि दोन-तीन दिवसांत गोल पेशी व लांब तंतू यांचा जाडसर, त्या द्रव्यात बुडालेला थर तयार होतो. थर जसा पिकतो तसा औषधाचा असर उतरत जातो.

यावर साधा आक्षेप असा, की पेशी औषध बाहेर फेकणारे पंप चालवत असतील. म्हणजे दोष पुन्हा पेशीचाच. पंप असतात, आणि कोवळ्या थरात त्यांचा हातभारही लागतो. पण २००२ मध्ये हे पंप काढून टाकलेले वाण तपासले, तेव्हा मोकळ्या पेशी फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकाने सहज हटल्या, थर मात्र तसाच तग धरून राहिला. मग थरातल्या चिकट द्रव्याची नुसती भिंतच आडवी येते का? तेही पुरेसे नाही. चिकट द्रव्यातले ग्लुकान फ्लुकोनाझोलला वाटेतच धरून ठेवते, हे खरे. शिवाय काही मोजक्या पेशी निपचित पडून औषधाचा मारा निभावून नेतात. त्यांच्यात जनुकीय बदल झालेला नसतो. त्यांची पुढची पिढी मोकळ्या द्रवात वाढवली, की औषध पुन्हा लागू पडते. खरा आक्षेप कॅन्डिडा ऑरिसचा आहे. जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून वेगळी केलेली आणि २००९ मध्ये वर्णन झालेली ही जात, म्हणून नाव ऑरिस, म्हणजे कान. तिच्या अनेक वाणांत औषध निकामी करणारे जनुकीय बदल पक्के झालेले आहेत, तिथे पेशीला निर्दोष ठरवता येणार नाही. पण तीही थर धरतेच. एक कारण दुसऱ्याला खोडत नाही. चुकते ते फक्त मोकळ्या पेशींच्या अहवालावर विसंबणे. तो अहवाल ‘औषध लागू’ म्हणतो आणि नळीतला थर ते ऐकत नाही.

म्हणूनच रक्तात कॅन्डिडा सापडली, की औषधाबरोबर सेंट्रल लाइनही (मोठ्या शिरेत घातलेली नळी) शक्य तितक्या लवकर काढावी, असे उपचारांचे मार्गदर्शन सांगते. घरात कवळी वापरणारे कोणी असेल तर ती रात्री काढून ठेवायला सांगा आणि रोज ब्रशने घासायला लावा. नुसत्या चुळेवर भागत नाही, हे लेव्हेनहूकने व्हिनेगर वापरून पाहिलेले आहे.