जोर लावला म्हणजे दात स्वच्छ होतात? ब्रशच्या इतिहासातला एक जुना गैरसमज

आजचा विषय अगदी घरातला आहे. दिवसातून दोनदा हातात येणारा, पण ज्याचा आपण फारसा विचार करत नाही असा दात घासायचा ब्रश. अलीकडे बऱ्याच घरांत साध्या ब्रशच्या शेजारी चार्जिंगवर चालणारा इलेक्ट्रिक ब्रश दिसू लागला आहे. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतो, कुणाला मुलं भेट देतात. आणि मग होतं काय, की हा नवा ब्रशसुद्धा जुन्यासारखाच मुठीत आवळून दातांवर खसाखसा फिरवला जातो. काही वर्षांनी थंड पाणी प्यायलं की दातातून कळ जाते. तेव्हा लक्षात येतं, की हिरडी वर सरकली आहे.

हे का होतं? ब्रश बदलला, पण हाताची सवय बदलली नाही म्हणून. ही सवय कुठून आली, ते बघू.

सुश्रुताने सांगितलेली अट

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दात घासायच्या काडीचं वर्णन आहे. काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठी नसलेली असावी. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. त्यापुढची सूचना मात्र सहसा कुणी सांगत नाही. काडीच्या टोकाचा कुंचला मऊ असावा, एकेक दात वेगळा घासावा, आणि हे करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. मऊ कुंचला, एका वेळी एक दात, हिरडी सांभाळून. आजचा दंतवैद्य वेगळं काही सांगत नाही.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट वापरायची तर आधी ती बराच वेळ चावावी लागते. तंतू सुटे होतात, ओले होतात, मग घासायचं. घाई असली तर हे जमत नाही. म्हणून घरोघरी दुसरी सोय होती: राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, कुठे विटेची बारीक पूड. बोटावर घ्यायची आणि घासायची. काही घरांत तर मशेरी, म्हणजे भाजलेला तंबाखूच. या सगळ्या भुकट्यांनी एक समजूत पक्की केली. दातावर करकर आवाज आला, बोटाला खरखर लागली, म्हणजे दात स्वच्छ. भांडी घासण्याचा नियम आपण दातांना लावला.

डुकराच्या केसांपासून नायलॉनपर्यंत

केसांचा ब्रश पहिल्यांदा चीनमध्ये तयार झाला, डुकराच्या राठ केसांचा. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस याने हाडाच्या दांड्यात केस बसवून ब्रश विकायला सुरुवात केली. पुढची दीडशे वर्षं ब्रश म्हणजे प्राण्याचे केस असंच समीकरण होतं.

या काळातच नुकसानाचा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. तोंडातल्या जंतूंवरच्या संशोधनासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं. १९०७ साली त्याने दातांच्या झिजेवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काढलेल्या दातांवर ब्रश आणि दंतमंजनं घासून त्याने पाहिलं, की दाताच्या मानेशी, जिथे दात हिरडीत शिरतो तिथे, पाचरीसारख्या खाचा पडतात. तशाच खाचा त्याला माणसांच्या तोंडात दिसत होत्या. नुसत्या पाण्याने घासलं तर झीज फारशी होत नव्हती. खरबरीत भुकटी आणि आडवा जोरदार हात एकत्र आले, की खाच पडत होती.

२४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा पहिला ब्रश बाजारात आला. तंतू ड्यूपाँ कंपनीचे होते. केस गळण्याची, कुजण्याची कटकट संपली. पण हे सुरुवातीचे तंतू कडक होते. मऊ नायलॉन यायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

मधल्या काळात चार्ल्स बास या माणसाने महत्त्वाचं काम केलं. हा दंतवैद्य नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात वैद्यकशाखेचा डीन होता. चांगल्या ब्रशचा तंतू किती जाड असावा, हे त्याने १९४८ साली मोजून सांगितलं: एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले फक्त सात, आणि टोक गोल केलेलं. ब्रश हिरडीच्या कडेशी साधारण ४५ अंशांत तिरका ठेवायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा, ही त्याची पद्धत आजही शिकवली जाते. सुश्रुताने जे शब्दांत सांगितलं होतं, त्याला बासने मापं दिली.

वीज आली

इलेक्ट्रिक ब्रशचा जन्म आळशी माणसासाठी झाला असं गमतीने म्हटलं जातं. ते खरं नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट हा ब्रश तयार केला, तो ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. त्याची वायर भिंतीतल्या प्लगला जोडावी लागे. १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने चार्ज होणारा बिनवायरीचा ब्रश आणला. १९९१ मध्ये ब्राऊनचा छोट्या गोल डोक्याचा, डावी-उजवीकडे अर्धवट फिरणारा ब्रश आला, आणि १९९२ मध्ये सिॲटलमधून, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने, मिनिटाला सुमारे ३१,००० वेळा थरथरणारा सोनिकेअर.

इथे मुद्दा नीट लक्षात घ्या. या यंत्रात घासण्याचं काम मोटर करते. हाताला उरतं ते फक्त ब्रश योग्य जागी नेऊन धरणं.

हे ब्रश खरोखर उपयोगी आहेत का? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात ५६ चाचण्यांमधल्या ५,०६८ लोकांची माहिती तपासली गेली. तीन महिन्यांहून जास्त काळ इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशच्या तुलनेत २१ टक्के कमी होता, आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. फायदा आहे, पण चमत्कार नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये जोर मोजला तेव्हा उलटच दिसलं: लोक साध्या ब्रशने जास्त दाबत होते, इलेक्ट्रिकने कमी. म्हणजे यंत्राला दोष देण्याचं कारण नाही. प्रश्न उरतो तो त्या थोड्यांचा, जे मोटर चालू असतानाही हाताने घासतच राहतात.

नुकसान नेमकं कुठे होतं

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. ब्रशने ते सहजासहजी झिजत नाही. पण हिरडीखालच्या मुळावर हे कवच नसतं. तिथला थर मऊ असतो. सतत दाब पडला की हिरडी मागे हटते, मूळ उघडं पडतं, आणि मग टूथपेस्टमधले कण त्याच मऊ भागाला खाच पाडतात. हिरडी मागे हटण्याची आणखीही कारणं आहेत; हिरड्यांचा आजार हे त्यातलं मोठं. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावं. एक मात्र पक्कं: मागे गेलेली हिरडी आपोआप पुन्हा वाढत नाही.

आणि ज्याच्यासाठी एवढा जोर लावायचा, तो रोजचा थर तर मऊ असतो. त्याला जोर लागतच नाही. दगडासारखं झालेलं कीट कितीही जोराने घासलं तरी निघत नाही. ते दंतवैद्यानेच काढायचं असतं.

मग ब्रश धरायचा कसा

पेन धरतो तसा बोटांच्या टोकांत धरा. मुठीत धरला की जोर लागतोच. मऊ तंतूंचं डोकं घ्या. ब्रश दातावर टेकवा आणि मग बटण दाबा, म्हणजे पेस्ट उडत नाही. हिरडीच्या कडेला थोडा तिरका ठेवा, दोनेक सेकंद थांबा, मग पुढच्या दातावर न्या. पुढे-मागे घासू नका. तोंडाचे चार भाग समजा. प्रत्येकाला ३० सेकंद, एकूण दोन मिनिटं. बऱ्याच ब्रशमध्ये यासाठी खूण करणारा टायमर असतो. लिंबू-चिंचेचं किंवा थंड पेय घेतल्यावर अर्धा तास थांबा, कारण आंबटाने कवच तात्पुरतं मऊ होतं. डोकं साधारण तीन महिन्यांनी बदला. त्याआधीच तंतू फिस्कारले असतील, तर तुमचा हात जड आहे, हे तो ब्रशच तुम्हाला सांगतो.

आता कित्येक ब्रशमध्ये दाब जास्त झाला की लाल दिवा लागतो. तो दिवा लागला की पुष्कळ जणांना वाटतं, ब्रश बिघडला. तसं नाही. हिरडीला इजा होऊ देऊ नका, ही सुश्रुताची अट तो दिवा रोज सकाळी आठवण करून देतो. त्याचं ऐका.