काळा पाषाण आणि चुन्याचा गिलावा : औरंगाबाद शहरातील वास्तुशैलींचे स्थित्यंतर

मराठवाड्यातील वास्तुकलेचे कालखंड राजघराण्यांच्या नावांनी पाडण्याची प्रथा रूढ आहे. चालुक्य, यादव, निजामशाही, मोगल, आसफजाही ही मांडणी सोयीची असली, तरी शैली का बदलली याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. औरंगाबाद (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) शहरापुरते हे उत्तर बऱ्याच अंशी दगड, चुना आणि पाणी यांत सापडते.

या प्रदेशाचा मूळ दगड काळा बेसाल्ट. वेरूळचे कैलास लेणे याच खडकात कोरले गेले. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वरासारख्या मंदिरांत घडीव चिरे एकमेकांत बसवून खांब आणि तुळयांवर छत तोलले जाई. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी येथे नगर वसवले, तेव्हा दगड तोच राहिला. रचना मात्र बदलली. चुन्याने सांधलेल्या कमानी व घुमट यांमुळे मोठी जागा खांबांवाचून आच्छादता येऊ लागली. 1612 चा भडकल दरवाजा हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र अंबरचे खरे बांधकाम जमिनीखाली आहे. डोंगरातील पाझर नळांवाटे शहरात आणणाऱ्या नहरीवाचून पुढील काळातील बागा, हौद आणि कारंजी संभवलीच नसती.

1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहराला त्याचे नाव मिळाले. त्याची पत्नी दिलरस बानू बेगम 1657 मध्ये मरण पावली. तिच्या स्मरणार्थ उभारलेला बीबी का मकबरा 1661 च्या सुमारास पूर्ण झाला. प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये दिला आहे. ताजमहालाच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक म्हणावी लागेल. त्यामुळे ‘गरिबांचा ताज’ हे विशेषण चिकटले आणि अभ्यासकांनीही ते फारशी चिकित्सा न करता स्वीकारले.

हे विशेषण अन्यायकारक आहे. मकबऱ्यात संगमरवर केवळ भिंतींच्या खालच्या पट्ट्यास आणि घुमटास वापरला आहे. मधला भाग बेसाल्टचा असून त्यावर घोटीव गिलावा चढविला आहे. राजस्थानातील संगमरवर बैलगाड्यांनी आणावा लागे. संगमरवराने लादलेल्या सुमारे 300 गाड्या वाटेत पाहिल्याचे तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने नोंदविले आहे. या मर्यादेत कारागिरांनी गिलाव्यावर वेलबुट्टीचे जे नाजूक काम केले, ते ताजच्या रत्नजडावाची नक्कल नव्हे, तर स्वतंत्र कौशल्य आहे. मोगल आराखडा आणि दख्खनी दगड यांची ही तडजोड होती. तडजोडीतूनही शैली घडते, हे इतिहासलेखनात क्वचितच मान्य होते.

1682 मध्ये शहराभोवती तट उभारला गेला. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की 1744 च्या सुमारास पूर्ण झाली आणि नळांतून आलेल्या पाण्याच्या जोरावर तेथे धान्य दळले जाऊ लागले. पुढे राजधानी हैदराबादला गेल्यावर मोठ्या बांधकामांचा ओघ आटला.

शहराला 52 दरवाजे होते असे परंपरा सांगते. आज त्यांपैकी मोजकेच उभे आहेत. मकबऱ्याच्या गिलाव्याचीही झीज होते. अशा जागी सिमेंट भरणे घातक ठरते, कारण दगडातील ओल त्यातून बाहेर पडत नाही आणि भोवतालचा जुना चुना सुटू लागतो. दुरुस्तीसाठी चुनाच हवा, आणि तो मुरवून घोटणारे हातही हवेत.