‘कामिनी’ नांवाची एक ध्वनिमुद्रिका

हस्ताक्षर, मोर्तब व शिक्का यांवरून लेखाचा कर्ता ठरविण्याची आपणां संशोधकांस सवय आहे; कंठस्वरास मात्र आपण साक्षीस क्वचितच बोलावितों. मालाड येथें १९३४ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या बोलपटांतील ‘आयेगा आनेवाला’ या गीताची ध्वनिमुद्रिका या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. पहिल्या प्रतींच्या लेबलावर गायिकेचें नांव ‘कामिनी’ असें छापलें आहे. कामिनी हें कथेंतील पात्र. पडद्यावर मधुबाला दिसतात, आणि कंठ लता मंगेशकर यांचा. कथेंत तर ही कामिनी शेवटीं माळ्याची मुलगी निघते! म्हणजे लेबलावरील नांव तोतयाचेंहि तोतया. लेख अस्सल, समकालीन, छापील. तरी त्यावरून गाणारी कोण तें कळत नाहीं. गायिका कोण, अशा श्रोत्यांच्या पृच्छा रेडिओकडे येऊं लागल्या, तेव्हां खरें नांव प्रकट झालें. कागद चुकला, कान चुकले नाहींत.

देवगिरीच्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे भेद कफपित्तादि दोषांस अनुसरून सांगितले आहेत. पण त्यांवरून आवाजाचा वर्ग कळतो, व्यक्ति नव्हे. ‘तीच ही’ ही प्रत्यभिज्ञा पूर्वीं ऐकलेल्याच्या स्मरणावांचून होत नाहीं.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, ‘कामिनी’ची प्रत सदोष म्हणून टाकूं नये, व तिच्यावर दुरुस्तीची चिठ्ठीहि डकवूं नये. सूचींत छापील नांव व कंठाचें नांव अशीं दोन स्वतंत्र घरें ठेवावीं.