राखणदार आणि गांव

घरास कुलूप लावलें कीं पुढची चिंता पोलिसांनीं वाहावी, अशी शहरवासीयांची समजूत असते. पेशवाईंत खेड्यापाड्यांतून मात्र एका घरची चोरी म्हणजे साऱ्या गांवची जोखीम असे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. पुढच्याच वर्षीं माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन यानें लिहिलेल्या अहवालांत ही रीत वर्णिली आहे.

गांवांतील प्रत्येकाची चालचलणूक जाणणें हें राखणदाराचें काम. चोरी झाली कीं त्यानें पावलांचा माग काढावयाचा. चोर शेजारच्या गांवांत शिरल्याचें तेथील राखणदारास पटवून दिलें, म्हणजे याची जबाबदारी संपे आणि त्याची सुरू होई. माग जेथें खुंटे, त्या गांवानें भरपाई द्यावयाची. राखणदारानें ऐपतीप्रमाणें, बाकी सर्वांनीं मिळून. ही सक्ती अन्यायाची आहे, हें एलफिन्स्टनलाही दिसत होतें. पुरी रक्कम क्वचितच वसूल होई, पण कांहीं ना कांहीं दंड बहुधा बसे.

राखणीच्या मोबदल्यांत राखणदारास वंशपरंपरेचे हक्क असत. पुरंदरच्या परिसरांत हें काम रामोशांकडे होतें. कंपनीच्या अमलांत त्यांचे हक्क बुडाले, आणि राखण करणारे हातच बंडाकडे वळले. त्यांचा पुढारी उमाजी नाईक यास १८३२ सालीं पुण्यांत फांशी झाली. दाराचें कुलूप कितीही भक्कम असो. राखणदाराची भाकरी हिरावली गेली कीं गांवाची झोपही जाते, हाच या इतिहासाचा बोध.