आपल्या शेजारची डोंगरगाडी

चंदीगडला बदली झाली की पहिल्याच उन्हाळ्यात गावाकडचे पाहुणे येतात आणि शिमला बघायचे म्हणतात. बहुतेक मंडळी टॅक्सी करतात. मी रेल्वेतला, त्यामुळे पाहुण्यांना कालक्याला नेऊन छोट्या गाडीत बसवतो. पाच तासांच्या वर लागतात, पण मुले बोगदे मोजण्यात दंग होतात.

आपल्याला छोटी गाडी म्हटली की माथेरान आठवते. ती १९०७ ची. कालका-शिमला तिच्याआधीची, ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झालेली. १८९८ च्या करारात रूळ दोन फुटी ठरले होते. लष्कराने आग्रह धरला आणि १९०१ मध्ये ते अडीच फुटी झाले. खर्च इतका वाढला की कंपनी डबघाईला आली व १ जानेवारी १९०६ ला सरकारने मार्ग विकत घेतला.

कालका ६५६ मीटरवर, शिमला २०७६ वर. ९६.६ किलोमीटरमध्ये एवढे चढायचे आणि चढ ३३ ला १ पेक्षा कडक होऊ द्यायचा नाही, म्हणून ९०० च्या वर वळणे. ८०० हून अधिक पूल आहेत, पण लोखंडी फार थोडे. बाकी दगडी कमानींचे. कनोहजवळचा पूल तर चार मजली आहे. चुन्यातले बांधकाम शंभर वर्षांनंतरही भार घेते, हे बघून आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याची छाती भरून येते.

आता बरोगची गोष्ट. दोन्ही बाजूंनी खोदलेला बोगदा मध्ये जुळला नाही, इंजिनिअर बरोगना एक रुपया दंड झाला आणि त्यांनी स्वतःवर गोळी झाडली, असे सांगतात. पुढे हॅरिंग्टन यांनी नव्या जागी ११४३ मीटरचा बोगदा केला. भलकू नावाच्या स्थानिक साधूने काठी आपटत त्यांना वाट दाखवली म्हणे. काठीचे काय ते असो, पण डोंगर ओळखणारा माणूस सोबत हवा, हे मला पटते. दिशेत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर पावणेसहाशे मीटरवर पाच मीटर चुकते. शिमल्याच्या रेल्वे संग्रहालयाला आज नाव आहे ते भलकूंचे.

वाफेचे इंजिन आता रोजच्या गाडीला नसते. १९०५ साली ग्लासगोत बनलेले के.सी. ५२० खास आरक्षणावर शिमला-कैथलीघाट फेरी करते. आम्ही चार कुटुंबे मिळून गेलो होतो. देवदारांतून चढताना इंजिन धापा टाकते. डब्यात कोळशाची कणी येते. सौ. रुमाल झटकत राहिल्या, चिरंजीव मात्र खिडकी लावू देईनात.

२००८ मध्ये मार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. पण डोंगर मान ओळखत नाही. १४ ऑगस्ट २०२३ ला समरहिलला दरड कोसळली, शिवमंदिर गाडले गेले, माणसे दगावली. खालची माती वाहून गेली आणि रूळ स्लीपरांसह हवेत लोंबकळत राहिले. फोटो सगळ्यांनी पाहिला. दुरुस्ती होऊन ऑक्टोबरात गाडी पुन्हा शिमल्यापर्यंत गेली. पावसाळ्यात त्या रुळांवरून रोज गँगमन चालत जातात आणि गटारे मोकळी आहेत का ते पाहतात. पाणी भिंतीमागे साचले की भिंत गेलीच.