अणुभट्टीच्या भिंतीतील खडी

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली ती १९६९ मध्ये. २०२० मध्ये दोन्ही अणुभट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. अणुकेंद्रातील पंप, नळ्या बदलता येतात. अणुभट्टीच्या पात्राभोवतीची जाड काँक्रीटची संरक्षक भिंत बदलणे मात्र जवळजवळ अशक्यच. चालू अणुभट्टीच्या या भिंतीतून नमुनाही सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे ती आणखी किती वर्षे टिकेल, याचा अंदाज गणिती प्रारूपांवरूनच बांधावा लागतो.

गॅमा किरणांमुळे भिंत तापते, सिमेंटमधील ओलावा घटतो आणि ते आकसते. वेगवान न्यूट्रॉन खडीतील स्फटिकांची रचना विस्कटून टाकतात, त्यामुळे खडी फुगते. या ओढाताणीत सूक्ष्म तडे जातात. एका चौरस सेंटिमीटरवर एकावर १९ शून्ये इतके न्यूट्रॉन आदळल्यानंतर काँक्रीटची ताकद घटू लागते, असे सामान्यतः मानले जाते. ही मर्यादा १९७८ मधील हिल्सडॉर्फ व सहकाऱ्यांच्या निबंधापासून रूढ झाली. तारापूरच्या या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातील आहेत. त्यांत गाभा आणि पात्राची भिंत यांच्यामध्ये पाण्याचा जाड थर असल्याने काँक्रीटपर्यंत पोहोचणारे न्यूट्रॉन तुलनेने कमी असतात, ही जमेची बाजू.

प्रारूपात कळीचा प्रश्न असतो तो खडी कोणत्या दगडाची, हा. यवतमाळ जिल्ह्यात अणुकेंद्र नाही, पण हा फरक समजण्यास तेथील भूगर्भ सोयीचा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा. वणी परिसरात मात्र चुनखडी आणि वालुकाश्मही आढळतात. वालुकाश्मातील क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, न्यूट्रॉनच्या माऱ्याने सुमारे १८ टक्क्यांपर्यंत फुगू शकते. चुनखडीतील कॅल्साइट अगदीच अल्प फुगते. बेसाल्टमधील फेल्डस्पार या दोहोंच्या मधले. एकाच जाडीच्या दोन भिंतींचे भवितव्य असे खाणीपाशीच वेगळे होते. म्हणूनच बांधकामाच्या वेळी खडी कोठून आणली, याची जुनी नोंद आज मोलाची ठरते.

प्रारूपांपुढील खरी अडचण काळाची आहे. प्रयोगशाळेत अनेक दशकांचा मारा काही महिन्यांत उरकला जातो. प्रत्यक्षात काँक्रीटला हळूहळू ताण सैल करण्यास अवधी मिळतो. जपानमधील हामाओका केंद्राच्या बंद झालेल्या पहिल्या अणुभट्टीतील काँक्रीट नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा जाड भिंतीची ताकद घटण्याऐवजी वाढलेली आढळली. भिंतीत टिकून राहिलेला ओलावा आणि मध्यम उष्णता यांमुळे खडी व सिमेंट यांच्यात रासायनिक क्रिया होऊन टोबरमोराइट हे खनिज तयार झाले होते. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.