दूध न मानवण्याचा इतिहास

‘मला दूध मानवत नाही’ असे म्हणणारे कोणी ना कोणी बहुतेक मराठी घरांत आढळते. या साध्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. येथे कर्ता दूध आहे; ‘मला’ हे पद चतुर्थीत बाजूला उभे आहे. बिनसले ते दुधाचे बिनसले, माणसाकडे त्याचा दोष येत नाही. याच माणसाला वैद्यकाच्या मराठीत मात्र ‘दुग्धशर्करा-असहिष्णुता’ असते. जो शब्द आपण एरवी धर्मांध जमावांसाठी राखून ठेवतो, तो पेलाभर दुधाने पोट फुगणाऱ्या निरुपद्रवी माणसाला येऊन चिकटला आहे. हा केवळ भाषांतरकाराचा आळस आहे असे आम्हांस वाटत नाही. मूळ इंग्रजी शब्दातच एक गृहीतक दडलेले होते.

दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्यातील लॅक्टेज हे एन्झाइम ती फोडते. ते अपुरे पडले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जीवाणू तिला आंबवतात, आणि मग वात, कळ, जुलाब. आईचे दूध सुटल्यानंतर हे एन्झाइम ओसरणे हा सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम आहे. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसेही त्याच नियमाने चालतात.

हे वैद्यकाला मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगले. उत्तर युरोपीय वंशाच्या डॉक्टरांना स्वतःला दूध पचत होते. तेव्हा ते सर्वांनाच पचत असणार, आणि न पचणे हा आजार असणार, असे धरून चालण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. १९६५ आणि १९६६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रौढांची तुलना करता, लॅक्टेज कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत कितीतरी अधिक दिसले. या निबंधांची शीर्षके साहित्याच्या वर्गात चर्चेला घ्यावीत अशी आहेत. पहिल्यात, प्रौढांतील लॅक्टेजची ‘कमतरता’ ही सर्रास आढळणारी गोष्ट असल्याचे म्हटले आहे; दुसऱ्यात, ही पाहणी ‘निरोगी’ पुरुषांची असल्याचे. जे सर्रास आढळते आणि निरोगी माणसांत आढळते, त्याला कमतरता का म्हणावे? हा प्रश्न शीर्षकातच उभा होता. शब्द मात्र जागचा हलला नाही. नागरी हक्कांचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आणि याच काळात अमेरिकेतील शिल्लक दूधभुकटी मदत म्हणून जगभर जात होती. ती मिळालेल्या कित्येकांना पोटदुखीचे कारण ठाऊक नव्हते, आणि देणाऱ्यांनाही.

पुढे शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. मोठेपणी दूध न पचणे हे नवल नसून पचणे हेच नवल, असे दिसू लागले. त्याला ‘लॅक्टेज टिकून राहणे’ असे नाव मिळाले. २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी त्यामागचा जनुकीय बदल शोधला. २०१२ साली भारतातील पाहणीत तोच, युरोपात आढळणारा बदल येथेही असल्याचे आणि वायव्येकडून पूर्व-दक्षिणेकडे त्याचे प्रमाण घटत गेल्याचे दिसले. तत्पूर्वी १९८१ सालच्या एका अभ्यासात दिल्लीच्या निरोगी लोकांपैकी सुमारे २७ टक्क्यांना, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीच्या सुमारे ६७ टक्क्यांना लॅक्टोज पचत नव्हते. दूध म्हणजे पूर्णान्न असे शाळेत घोकणाऱ्या देशाने हे आकडे फारसे मनावर घेतलेले दिसत नाहीत. असो.

आपल्या स्वयंपाकघराने मात्र यावर तोडगा काढून ठेवला होता. विरजणातील जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. तुपात तर ते जवळजवळ उरतच नाही. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या विकारांत ताकाची थोरवी सांगितली आहे. दूध न सोसणारे आजोबा दोन वाट्या ताक खुशाल पीत, त्यात विसंगती काहीच नव्हती.

येथवर आम्ही ‘मानवणे’ या क्रियापदाच्या बाजूने बोललो. त्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगणे भाग आहे. ‘अॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फोन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. दुधाची अॅलर्जी साखरेची नसते, प्रथिनांची असते; आणि प्रथिने दह्याताकातही असतात. प्रकरण आतड्यापुरते न राहता श्वासापर्यंत, क्वचित प्राणापर्यंत जाऊ शकते. ‘मानवत नाही’ या मायाळू शब्दात हे दोन्ही विकार एकत्र नांदतात. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरी, त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला दूध मानवत नाही असे कळताच आम्हीच मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो होतो, ‘अहो, मग ताक द्या की!’ आई स्वयंपाकघरात होती. पाहुण्यांच्या शब्दाला मान देऊन आजीने वाटी मुलाच्या तोंडाला लावली. काही मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली. रुग्णालय जवळ होते म्हणून निभावले.

त्या घरी आम्ही अजून जातो. फ्रिजच्या दारावर आईच्या हातचा एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर ना ‘असहिष्णुता’ आहे, ना ‘मानवणे’. नुसती यादी आहे: दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, बिस्किटे वाचून पाहणे. त्याखाली तांबड्या शाईत लिहिले आहे: पाहुण्यांनाही सांगणे.